वाडीचे पाणी आणि मसाईचे तळे

नृसिंहवाडीच्या घाटावर पावसाळ्यात एक प्रसंग घडतो. कृष्णा-पंचगंगेचे पाणी पायऱ्या चढत दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. भाविक त्या प्रवाहात स्नान करतात. पाणी आणखी चढले, तर उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलविली जाते. आणखी चढले, तर गाव हलते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत वाडी, कुरुंदवाड आणि भोवतालच्या गावांनी हे सारे अनुभवले आहे.

आता एक साधा प्रश्न वर्गात विचारून पाहावा : हे पाणी कोणाच्या पावसाचे? वाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, तेथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावड्यात तो याच्या सुमारे दहापट असतो. म्हणजे वाडीला येणारा पूर हा वाडीच्या पावसाचा नसतोच. तो डोंगरमाथ्यावरच्या पावसाचा असतो. घाटावर छत्रीसुद्धा उघडावी लागू नये आणि पाणी मात्र पायरी-पायरीने चढत यावे, हा देखावा वाडीच्या मुलांना नवीन नाही. त्याचे कारण मात्र त्यांनी सहसा पाहिलेले नसते.

ते कारण फळ्यावर सांगता येते, तसेच एका दिवसात पायी हिंडून दाखविताही येते. त्यासाठी दिवाळीच्या आगेमागे एखाद्या रविवारी डोंगरावरच्या एका तळ्यापर्यंत जावे, असे आम्ही सुचवू. ते तळे आहे पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर.

पठार आणि वाट

मसाई पठार पन्हाळगडाच्या पश्चिमेस आहे. गडाच्या पुसाटी बुरुजाकडून उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे अशी गावे घेत जुनी वाट या पठारावर चढते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले, ते याच पठारावरून. आजही पावसाळ्यात अनेक पदभ्रमण मोहिमा त्या वाटेने पावनखिंडीपर्यंत जातात. आपल्याला तेवढे जायचे नाही. मुले लहान असतील किंवा घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर म्हाळुंग्यापर्यंत वाहनाने जाऊन तेथून चालावे. लहान पावलांनीही तासा-दीड तासात पठार गाठता येते. वर आल्यावर चढ संपतो आणि मैदानासारखी सपाटी लागते. मसाई देवीचे देऊळ आणि पावसाच्या पाण्याची तळी या सपाटीवरच आहेत.

वाडीपासून पठार सरळ रेषेत साठेक किलोमीटर असेल. उंची मात्र बरीच वेगळी आहे. वाडी समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे ते साडेपाचशे मीटरांवर आणि पठार सुमारे नऊशे मीटरांवर आहे. हा साधारण साडेतीनशे मीटरांचा फरक ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

माथ्यावर पाणी टिकते कसे?

पाणी उताराकडे वाहते, हे मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. मग डोंगराच्या माथ्यावर तळे कसे? याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे.

सह्याद्री हा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून हे थर एकावर एक साचले. पुढे प्रदीर्घ काळ माथ्याच्या थरावर उष्ण हवामानात भरपूर पाऊस पडत राहिला. पाण्याने दगडातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. लोह उरले म्हणून दगड तांबडा झाला. द्रव्ये निघून गेली म्हणून त्यात पोकळ्या आणि नळ्या पडल्या. हाच आपला जांभा. मलबारातील अंगडिपुरम येथे लोक हा दगड विटांसारखा कापून बांधकामाला वापरतात, हे पाहून फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. आपल्याकडे कोकणात ज्याचे चिरे काढतात, तो हाच दगड.

पठाराचा उभा छेद मनात आणावा. सर्वांत वर लोहाने घट्ट झालेले कठीण कवच. त्याखाली सच्छिद्र जांभा. त्याच्या खाली पिवळट-पांढरी मऊ चिकणमाती. बेसाल्टचे अपक्षयन होताना तयार झालेली. तिच्याखाली मुरूम, आणि तळाशी अभंग काळा पाषाण. पाऊस पडला की पाणी कवचाच्या भेगांतून जांभ्यात उतरते. खाली चिकणमाती लागली की त्याची वाट अडते. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात, की त्यांच्यामधून पाणी फार सावकाश सरकते. मग ते आडवे वाहू लागते आणि पठाराच्या कडेला, जेथे हा सांधा उघडा पडतो, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. डोंगराच्या कुशीतल्या वाड्या अशा झऱ्यांच्या आसपास वसलेल्या दिसतात. महाबळेश्वरास कृष्णेचा उगम म्हणून जो झरा दाखवितात, तोही जांभ्याची टोपी घातलेल्या पठाराच्या कुशीतलाच.

म्हणजे पठार हा एक भिजलेला स्पंज आहे आणि तो चिकणमातीच्या ताटलीत ठेवलेला आहे. पावसाळ्यात स्पंज काठोकाठ भरला, की माथ्यावरच्या खोलगट भागांत पाणी उभे राहते. वर्षानुवर्षे वाहून आलेल्या बारीक मातीने या खोलगट भागांचे तळ लिंपले जातात, त्यामुळे पाऊस संपल्यावरही तेथील पाणी लगेच झिरपून जात नाही. हे झाले तळे. माणसाने थोडी माती काढून किंवा कडेला बांध घालून ते खोल केले, तर गुरांना अधिक काळ पाणी मिळते.

दोन थेंबांचा प्रवास

तळ्याकाठी बसल्यावर मुलांपुढे नकाशा पसरावा आणि दोन शेजारच्या थेंबांची गोष्ट सांगावी. पन्हाळा आणि मसाई यांची ही डोंगररांग दोन नद्यांमधील जलविभाजक आहे. रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला थेंब कासारी नदीला मिळतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती धरून त्या पाच होतात आणि पुढे पंचगंगा हे नाव सुरू होते. कोल्हापूर, इचलकरंजी असा सुमारे ऐंशी किलोमीटरांचा प्रवास करून पंचगंगा वाडीला पोहोचते.

उत्तर उतारावर पडलेला थेंब कडवीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या ओढ्याच्या वाटेने वारणेत जातो. वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते आणि कृष्णा खाली वाडीला येते.

माथ्यावर हाताच्या अंतरावर पडलेले हे दोन थेंब एकमेकांकडे पाठ फिरवून निघतात, दोन वेगवेगळ्या नद्यांतून जातात आणि वाडीच्या संगमावर पुन्हा भेटतात. ‘पाणलोट क्षेत्र’ या रुक्ष शब्दाचा अर्थ समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट येथूनच दिसते. साडेतीनशे मीटरांची बहुतेक उतरण थेंब पहिल्या काही किलोमीटरांतच संपवितो. उरलेला लांबचा प्रवास जवळजवळ सपाटीवरचा असतो. डोंगरावर पाणी धावते, मैदानात ते रेंगाळते. संगमाशी दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या, की एकीचे पाणी दुसरीला अडविते आणि ते मागे पसरते. धरणांतून सोडलेले पाणी आणि नदीच्या पूररेषेत झालेली बांधकामे यांची त्यात भर पडते. पुराची कारणे अशी अनेक आहेत. पण पाण्याची सुरुवात माथ्यावर होते.

स्पंज पूर थांबवितो का?

हा प्रश्न हुशार मूल विचारणारच. त्याचे प्रामाणिक उत्तर असे : थोडाच. स्पंज कोरडा असेतोवर, म्हणजे जूनमध्ये, तो बरेच पाणी पितो. जुलैच्या मध्यापर्यंत तो भरतो. त्यानंतर पडणारा पाऊस पृष्ठभागावरून सरळ वाहू लागतो. आपल्या भागातील मोठे पूर जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये येतात, त्याचे हेही एक कारण आहे.

स्पंजाचे खरे काम पाऊस थांबल्यावर सुरू होते. थोडे गणित करू. एक चौरस किलोमीटर पठारावर जांभ्याचा थर ५ मीटर जाड आहे आणि त्याच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा पोकळ्यांचा आहे, असे मानू. मग त्यात एक मीटर उंचीच्या पाण्याइतका साठा मावेल : दहा लाख घनमीटर, म्हणजेच १०० कोटी लिटर. हे सगळे पाणी बाहेर येत नाही. काही दगडाला चिकटून राहते. पण जे येते ते थेंबाथेंबाने, डिसेंबर-जानेवारीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे येते. डोंगरकुशीतल्या वाड्यांचे पिण्याचे पाणी आणि हिवाळ्यातील ओढ्यांची धार यावर अवलंबून असते. एवढ्या साठ्याचे धरण बांधायचे तर किती खर्च येईल, हे मुलांना विचारून पाहावे.

वाटेवरची मोजमापे

सहल ही प्रयोगशाळाही व्हावी, म्हणून काही सोपे प्रयोग सुचवितो.

उंची वाढली की हवा विरळ होते. पठारावर पिण्याच्या पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली उघडून पुन्हा घट्ट बंद करावी आणि घरी न्यावी. वाडीला पोहोचेपर्यंत ती किंचित चेपलेली दिसेल. साडेतीनशे मीटरांत हवेचा दाब शेकडा चारने बदलतो. त्या चार टक्क्यांची ही खूण. बाटली पातळ असेल तर परिणाम चांगला दिसतो.

दर हजार मीटरांना तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा पठारावर वाडीपेक्षा सुमारे दोन अंशांनी थंड असायला हवे. तापमापक सावलीत धरून पाहावा. फरक तेवढाच आला नाही, तर वारा, ढग आणि दिवसाची वेळ यांची चर्चा करावी; न जुळणारे आकडे शिकविण्यास अधिक उपयोगी असतात. पाण्याचा उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरांना सुमारे एक अंशाने उतरतो. पठारावर मात्र चूल पेटवू नये. ऑक्टोबरनंतर वाळलेले गवत क्षणात पेट घेते. हा प्रयोग पायथ्याच्या एखाद्या घरी आणि मग आपल्या घरी करून ताडून पाहावा.

तळ्यात काठावरूनच काठी उभी करून खोली मोजावी. समजा ती ४० सेंटीमीटर भरली. पाऊस थांबल्यावर दिवसाला ४ मिलिमीटर बाष्पीभवन होते, असे धरल्यास तळे शंभर दिवसांनी आटायला हवे. आता गुरे घेऊन आलेल्या धनगरास किंवा गुराख्यास विचारावे : “मामा, हे तळं कधी आटतं?” त्यांचे उत्तर हा अनेक वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष असतो. आपल्या गणितापेक्षा तळे लवकर आटत असेल, तर उरलेले पाणी तळातून झिरपते किंवा गुरे पितात. उशिरा आटत असेल, तर त्याला कोठून तरी पाणी येत असले पाहिजे. एका प्रश्नाने आणि एका काठीने तळ्याचा ताळेबंद मांडता येतो.

तळ्याकाठची वस्ती

जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो. चार महिने चिखल आणि आठ महिने तवा, अशी तेथील परिस्थिती. शिवाय सततच्या पावसाने नत्र धुऊन गेलेले. अशा जागी जगणाऱ्या वनस्पती वेगळ्याच असतात. सह्याद्रीतील अशा सड्यांवर ओलसर भागांत गेंदाची पांढरी बोंडे आणि ‘सीतेची आसवे’ म्हणून ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले पावसाळ्याच्या अखेरीस दिसतात. ही आसवे नाजूक दिसली तरी वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या चिखलातल्या अवयवांवर सूक्ष्म फुगे असतात. एखादा बारीक जीव त्यांच्या केसांना लागला, की झडप उघडून पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकते. दवबिंदू ही दुसरी वनस्पती चिकट थेंबांनी कीटक पकडते. दोघींचीही गरज एकच : मातीत न मिळणारे नत्र.

पहिल्या पावसात सड्यांवरच्या डबक्यांतून पाय वर करून उलटे पोहणारे, काचेसारखे पारदर्शक लहान जीव आढळतात. तळे आटण्यापूर्वी ते अंडी घालतात आणि ती अंडी कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहतात. मासे असलेल्या कायमच्या तलावात हे जीव टिकत नाहीत. तळ्याचे आटणे हाच त्यांचा बचाव आहे. तेव्हा ‘आटणारे तळे म्हणजे निरुपयोगी तळे’ असे मुलांना शिकवू नये.

बाटलीतले पठार

सहलीनंतर वर्गात पुढील प्रयोग करावा. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली वरून कापावी. तळाशी चार बोटे चिकणमाती ओली करून दाबून बसवावी. तिच्यावर विटांचे बारीक तुकडे दहा-बारा सेंटीमीटर भरावेत. माती आणि विटा यांच्या सांध्याशी, बाजूला, एक बारीक भोक पाडावे. आता वरून झारीने सावकाश पाणी घालावे. पाणी काही वेळ दिसेनासे होईल आणि मग भोकातून झरू लागेल. झारी थांबविली तरी झरा चालू राहील. घड्याळ लावून किती वेळ, ते नोंदवावे. दुसऱ्या खेपेस न थांबता जोराने पाणी ओतत राहावे. बाटली भरेल आणि पाणी वरून ओसंडेल. झरा आणि पूर ही एकाच पठाराची दोन रूपे कशी, हे त्या ओसंडण्यात मुलांना दिसेल. तिसऱ्या खेपेस विटांचा थर निम्मा काढून प्रयोग पुन्हा करावा. झरा किती वेळ टिकला?

चाकांचे चर

तिसरी खेप मुद्दाम सांगितली. हा थर खरोखरच काढला जात आहे. जांभ्याच्या थरांतच बॉक्साइट मिळते आणि त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-शाहूवाडी भागातील पठारांवर खाणी झालेल्या आहेत. ॲल्युमिनियम आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात आहे, तेव्हा हा प्रश्न एका घोषणेने सुटणारा नाही. पण हिशेब करताना खनिजाच्या बाजूबरोबर झऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. सातबाऱ्यावर अशी नापीक जमीन ‘पोटखराब’ म्हणून लागते. तिच्यावर पीक येत नाही हे खरे. तिच्याखालून येणाऱ्या पाण्याची नोंद मात्र त्या उताऱ्यात कोठेच नसते.

दुसरे नुकसान आपण सहलीला जाणारेच करतो. सपाटी दिसली की गाडी थेट तळ्याकाठी नेण्याचा मोह होतो. चाक बोटभर मातीत चर पाडते आणि चर म्हणजे पाण्याला मिळालेली नवी वाट. वीतभर खोल तळ्याचा काठ चार बोटे खचला, तर त्याच्या खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाहून जातो. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, तेथेही माणसांची आणि वाहनांची गर्दी आवरणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. मसाईवर आपण चालत जावे, याचे कारण केवळ व्यायाम हे नव्हे.

आखणी

ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबर हा काळ सोयीचा. भर पावसात धुके आणि वारा यांमुळे पठारावर दिशा कळत नाही, म्हणून लहान मुलांना तेव्हा नेऊ नये. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. उघड्या पठारावर आपणच सर्वांत उंच असतो, तेव्हा ढग जमू लागताच उतरावे. एकाकी झाडाखाली थांबू नये. वाडीहून पहाटे निघावे. कोल्हापूरपर्यंत पन्नासेक किलोमीटर आणि तेथून पन्हाळ्यापर्यंत वीसेक किलोमीटर, एवढा प्रवास आहे. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बूट आणि भाकरी-भरीत घ्यावे. तळ्याचे पाणी गुरेही पितात, ते आपण पिऊ नये. दगड हाताने उलटू नयेत. फुरसे अशाच दगडांखाली असते. भ्रमणध्वनीत उंची दाखविणारी सोय असल्यास प्रत्येक टप्प्यावर ती टिपावी आणि नंतर आलेखकागदावर वाडीपासून पठारापर्यंतचा छेद काढावा.

तो छेद वर्गाच्या भिंतीवर लावावा. एका टोकाला मसाईचे तळे, दुसऱ्या टोकाला वाडीचा घाट, आणि मधे मुलांनी स्वतः मोजलेले आकडे. पुढच्या पावसाळ्यात पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा येथील पावसाचे आकडे वर्तमानपत्रात येतील. ते रोज त्या छेदाखाली लिहावेत आणि शेजारी घाटाच्या कितव्या पायरीवर पाणी आहे ते नोंदवावे. वर पाऊस पडल्यावर किती तासांनी पायरी बुडते, हे वाडीच्या शाळेतील मुलांइतक्या जवळून दुसरे कोण पाहू शकेल? एक-दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर पुराची बातमी आल्यावर त्या घरात कोणीतरी, वह्या उघडून, किती वेळ हाताशी आहे ते सांगू शकेल.